नवा लॅपटॉप, जुने तोडगे

परीक्षणासाठी सहसा छापील पुस्तक हाती घेतले जाते. या वेळी ज्या पुस्तकाचे परीक्षण करायचे आहे ते कोणी लिहिलेले नाही आणि कोणी छापलेलेही नाही. तरी शाळाशाळांच्या शिक्षक-खोलीत ते पाठ असते. नवा लॅपटॉप सुरू व्हायला वेळ लावू लागला की त्याची पाने आपोआप उघडतात. "आधी एफ-५ चार-पाच वेळा दाबा." "टेम्प आणि प्रीफेच रिकामे करा." "एखादे क्लीनर टाका." "रॅम वाढवा." शेवटचा अध्याय ठरलेला: "फॉरमॅट मारा." नाशिकच्या कॉलेज रोडवर विचारा किंवा सुरगाण्यात विचारा, उपायांचा क्रम थोडा बदलेल, उपाय तेच.

या तोंडी पुस्तकाची झडती घेण्याला कारण आहे. शिक्षकाचा लॅपटॉप ही आता चैन राहिलेली नाही. विद्यार्थ्यांच्या नोंदींसाठी २०१५ साली 'सरल' प्रणाली आली; यू-डायसची माहिती, शालार्थमधील वेतनाची कामे हीसुद्धा संगणकावरच होतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा संपला, तेव्हा अनेकांना नव्या यंत्राचा विचार करावा लागला. असे यंत्र बऱ्याचदा हप्त्यांवर घेतलेले असते. पेठ किंवा सुरगाणा तालुक्यातील शिक्षकाला ते दाखवायला नाशिकला यायचे तर एक रजा खर्ची पडते. चुकीच्या निदानावर नवी रॅम बसवली तर पैसे जातात. घाईने फॉरमॅट केले तर वर्षभराचे निकालपत्रक जाते.

दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे. हा लॅपटॉप वर्गात प्रोजेक्टरला जोडला जातो आणि तो सुरू होईपर्यंत पन्नास मुले पडद्याकडे पाहत असतात. निरीक्षण, अनुमान, पडताळणी हे शब्द फळ्यावर लिहिणारे गुरुजी किंवा बाई त्याच पडद्यावर एफ-५ चे जप करताना दिसल्या, तर मुले त्यातून काय शिकतील? फळ्यावरचे की पडद्यावरचे?

न लिहिलेला पहिला धडा

तोंडी पुस्तकात एक मोठी उणीव आहे: लॅपटॉप सुरू होतो म्हणजे नेमके काय होते हे त्यात कुठेच येत नाही. पण दोष एकट्या त्याचा नाही. संगणकाच्या छापील पुस्तकांतही 'बूटिंग म्हणजे संगणक सुरू होण्याची प्रक्रिया' एवढ्यावर विषय आटोपलेला दिसतो. 'पचन म्हणजे अन्न पचण्याची क्रिया' असे कोणी लिहिले तर विज्ञानाचा शिक्षक ते खोडून काढील. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण ते चालवून घेतो.

प्रत्यक्षात या प्रक्रियेचे किमान चार टप्पे पडतात. बटण दाबताच मदरबोर्डवरील चिपमध्ये साठवलेली एक छोटी आज्ञावली जागी होते. हिला फर्मवेअर म्हणतात. पूर्वी तिचे नाव बायोस होते, आजच्या यंत्रांत तिची जागा यूईएफआयने घेतली आहे. बोलण्यात मात्र बायोसच टिकून आहे. ती रॅम, डिस्क, कळफलक जागेवर आहेत की नाहीत हे पाहते. दुसऱ्या टप्प्यात ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा आणि निरनिराळ्या भागांचे ड्रायव्हर डिस्कवरून रॅममध्ये येतात. तिसऱ्या टप्प्यात पडद्याआडच्या सेवा सुरू होतात आणि आपली ओळख विचारली जाते. पासवर्ड दिल्यावर चौथा टप्पा: डेस्कटॉप दिसतो, आणि त्याच क्षणी 'मलाही सुरुवातीलाच चालू करा' असे सांगून ठेवलेल्या सर्व आज्ञावल्या एकदम उठतात. चित्र दिसले म्हणजे यंत्र तयार झाले असे आपण समजतो. खरी गर्दी तर तेव्हाच सुरू होते.

ही गर्दी समजायला नाशिककरांना दूर जायला नको. गंगापूर धरण म्हणजे डिस्क समजा आणि इमारतीवरची टाकी म्हणजे रॅम. धरणात पाणी मुबलक असते, पण नळाला येते ते टाकीतले. सकाळी टाकी भरत असतानाच सर्व मजल्यांवरचे नळ एकदम उघडले तर कोणालाच धार येत नाही. धरण भरलेले असते, जलवाहिनीही शाबूत असते. दोष असतो तो एकाच वेळी आलेल्या मागणीचा.

जलवाहिनी किती रुंद हा प्रश्नही आकड्यांत मांडता येतो. जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला ११.१ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचक टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ५.६ मिलिसेकंद थांबावे लागते. टोक योग्य वर्तुळावर नेण्यास साधारण १२ मिलिसेकंद धरा. एका विखुरलेल्या वाचनाला झाले जवळजवळ १८ मिलिसेकंद. सुरुवातीला अशी ५००० वाचने लागली असे समजा, तर ९० सेकंद नुसते टोक हलवण्यात आणि चकती फिरण्याची वाट पाहण्यात जातात. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते. एका वाचनाला सुमारे ०.१ मिलिसेकंद धरले तर तेच काम अर्ध्या सेकंदात होते. आठवी-नववीच्या मुलांना जमेल असे हे गणित आहे. एसएसडी असलेले यंत्रही दोन मिनिटे घेत असेल तर कारण दुसरीकडे शोधले पाहिजे, हे यावरून लगेच कळते.

एकेक तोडगा

आता तोंडी पुस्तकातील उपाय तपासू.

एफ-५. या कळीने डेस्कटॉपवरील चिन्हांची यादी पुन्हा वाचली व रेखाटली जाते. रॅम मोकळी होत नाही, प्रोसेसरचा भार उतरत नाही, मागे चाललेले कोणतेही काम थांबत नाही. जुन्या काळी नवी फाइल कधी कधी लगेच दिसत नसे, तेव्हा या कळीचा उपयोग होता. कारण संपले, सवय राहिली. ती वर्षानुवर्षे टिकली याचे कारण इतकेच की कळ दाबण्यात चार-पाच सेकंद जातात आणि तेवढ्यात यंत्र आपसूक थोडे पुढे सरकलेले असते.

टेम्प आणि प्रीफेच. या दोन फोल्डरांची नावे नेहमी जोडीने घेतली जातात, पण दोघांचे स्वभाव परस्परविरुद्ध आहेत. टेम्पमध्ये तात्पुरत्या फाइली साचतात. त्या काढल्याने जागा मिळते, वेग क्वचितच वाढतो. प्रीफेच मात्र वेगासाठीच ठेवलेले आहे. २००१ च्या विंडोज एक्सपीपासून ही सोय आहे. कोणती आज्ञावली सुरू होताना कोणत्या फाइली मागते याची टिपणे यात असतात, म्हणजे पुढच्या वेळी त्या आधीच हाताशी आणता येतात. हे फोल्डर रिकामे करणे म्हणजे शिपायाने वर्गनिहाय लावून ठेवलेल्या किल्ल्या 'पसारा झाला' म्हणून पेटीत ओतणे. टिपणे पुन्हा तयार होईपर्यंत काम उलट सावकाश होते. एसएसडीवर हा फरक फार जाणवत नाही, म्हणूनच हा उलटा उपाय कोणाच्या लक्षात येत नाही.

प्रोसेसरची संख्या वाढवणे. 'एमएसकॉन्फिग' उघडून बूट विभागात प्रोसेसरची संख्या जास्तीत जास्त करा, असा एक सल्ला ऐटीत दिला जातो. त्या चौकटीत खूण नसते तेव्हा विंडोज उपलब्ध असलेले सर्वच प्रोसेसर वापरते. ही सोय संख्या वाढवण्यासाठी नाही, तपासणीपुरती ती कमी करण्यासाठी आहे. आठ भरून यंत्रातले आठही चालू ठेवले तर काही बदलत नाही. चुकून चार भरले तर अर्धे यंत्र निजते.

डिफ्रॅग. फिरत्या चकतीच्या काळातला हा खरा उपाय. फाइलचे तुकडे एकत्र आणले की टोकाची धावपळ कमी होते, हे वरच्या गणितावरून पटेल. एसएसडीत टोकच नाही, तर धावपळ कोणाची वाचवणार? उलट तिच्या पेशी ठरावीक लेखनांनंतर झिजतात. विंडोज डिस्कचा प्रकार ओळखून एसएसडीची वेगळी देखभाल आपणहून करते. एके काळी बरोबर असलेला नियम त्याचे कारण विसरले गेल्यावर कसा चालू राहतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

क्लीनर. रजिस्ट्रीत 'आठशे चुका सापडल्या' असे लाल अक्षरांत सांगणाऱ्या आज्ञावल्या घाबरवतात चांगले. रजिस्ट्री ही मोठी अनुक्रमणी असलेली नोंदवही आहे. तिच्यातील काहीशे निरुपयोगी ओळी खोडून शोधाचा वेळ जाणवेल इतका घटत नाही. असे क्लीनर वापरण्यास आपला पाठिंबा नाही असे मायक्रोसॉफ्टनेही जाहीर केलेले आहे. शिवाय क्लीनर स्वतःच सुरुवातीच्या यादीत नाव घालतो, म्हणजे नळ उघडणाऱ्यांत आणखी एक भर.

रॅम वाढवणे. हा सल्ला अर्धा बरोबर आहे. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबीची आहे. तेवढ्याच रॅमवर ब्राउझर उघडला की टाकी ओसंडते आणि उरलेले पाणी पुन्हा डिस्ककडे पाठवावे लागते. तेथे रॅमचा उपयोग निश्चित होतो. पण १६ जीबीपैकी ६ जीबीच वापरात असताना आणखी १६ बसवणे म्हणजे अर्धी रिकामी टाकी असताना दुसरी बांधणे. वापर किती आहे हे न पाहता दिलेला हा सल्ला लागू पडला तरी तो योगायोग.

फॉरमॅट. हा उपाय बहुधा गुण देतो, आणि म्हणूनच तो सर्वांत फसवा आहे. डिस्क पुसल्यावर सुरुवातीच्या यादीतील पाहुणेही पुसले जातात आणि यंत्र चपळ होते. पण अडथळा त्यांपैकी कोणामुळे होता हे कधीच कळत नाही. सहा महिन्यांनी तीच छपाईची, कॅमेऱ्याची, चाचणीपुरत्या अँटिव्हायरसची मंडळी परत येतात आणि पुन्हा फॉरमॅट. वर्गातली एक खिडकी वाजते म्हणून कोणी वर्ग पाडून बांधत नाही.

गुण आल्यासारखे का वाटते?

हे तोडगे करणारे भोळे नाहीत, आणि त्यांना गुण आल्याचा अनुभवही खोटा नसतो. चूक कार्यकारणाच्या जोडणीत आहे.

नवे यंत्र पहिल्या काही दिवसांत सर्वांत जास्त दमलेले असते. साठलेली अद्ययावते उतरत असतात, फाइलींची शोधसूची तयार होत असते, अँटिव्हायरस पहिली संपूर्ण तपासणी करत असतो, ढगावरची म्हणजे क्लाउडवरची प्रत यंत्रात उतरत असते. ही कामे संपली की वेग आपोआप सुधारतो. तिसऱ्या दिवशी केलेल्या उपायाला चौथ्या दिवशीच्या सुधारणेचे श्रेय मिळते. सर्दी औषधाने सात दिवसांत आणि औषधाशिवाय आठवड्यात बरी होते, असे आपण गमतीने म्हणतो. तोच हा प्रकार.

शिवाय आपण उपाय करतो तो यंत्र सर्वांत वाईट वागते तेव्हा. त्यानंतरचा दिवस सरासरीकडे परतणारच. वेळ कोणी मोजलेली नसते. 'फरक पडला' हे मत असते, नोंद नसते. उपाय न करता ठेवलेले तुलनेचे यंत्रही नसते. प्रयोगवहीत अशी नोंद विद्यार्थ्याने केली तर आपण लाल शाईने काय लिहू, ते स्वतःलाही लागू करायला हवे.

बंद केलेले यंत्र बंद नसते

तोंडी पुस्तकात 'बंद करून पुन्हा चालू करा' हा एक उपाय आहे आणि तो चांगला आहे. पण त्याचा अर्थ बदलला, हे पुस्तकाला ठाऊक नाही. २०१२ च्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. आपण 'शट डाउन' म्हणतो तेव्हा उघडलेल्या आज्ञावल्या बंद होतात, पण ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा ज्या स्थितीत आहे तसाच एका फाइलमध्ये लिहून ठेवला जातो. सकाळी तो पहिल्यापासून उभारला जात नाही, त्या फाइलमधून उचलला जातो. त्यामुळे सुरुवात लवकर होते. पण ड्रायव्हर किंवा गाभा बिघडलेल्या स्थितीत असेल तर तो बिघाडही जपून ठेवला जातो आणि रोज सकाळी जसाच्या तसा परत मिळतो.

'रीस्टार्ट' केल्यावर मात्र गाभा नव्याने उभारला जातो. म्हणजे समजुतीच्या नेमके उलट: रीस्टार्ट हे अधिक पूर्ण बंद होणे आहे. याचा पुरावा यंत्रातच मिळतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळी एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्सखाली सीपीयूच्या पानावर 'अप टाइम' लिहिलेला असतो. रोज रात्री न चुकता बंद केलेल्या लॅपटॉपवर तेथे पाच-सहा दिवसांचा आकडा दिसला तर आश्चर्य वाटू देऊ नका. वाय-फाय दिसेनासे होणे, आवाज जाणे, प्रोजेक्टर न ओळखणे अशा किरकोळ खोड्यांपैकी पुष्कळशा एका रीस्टार्टने का जातात, याचे उत्तर यात आहे.

आधी मोजमाप

मग करायचे काय? यंत्र स्वतःच नोंदी ठेवते. आपण त्या वाचायच्या.

टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप ॲप्स' या पानावर वरच्या कोपऱ्यात अनेक यंत्रांत 'लास्ट बायोस टाइम' सेकंदांत दिलेला असतो. हा पहिल्या टप्प्याचा वेळ. एकूण साठ सेकंदांपैकी तीस येथेच जात असतील तर विंडोजमध्ये कितीही साफसफाई केली तरी ते तीस सेकंद हलणार नाहीत. अशा वेळी पेन ड्राइव्ह किंवा इतर जोडण्या काढून पाहाव्यात आणि उत्पादकाने फर्मवेअरची नवी आवृत्ती दिली आहे का ते पाहावे.

त्याच पानावर प्रत्येक आज्ञावलीपुढे सुरुवातीवरील परिणाम 'हाय', 'मीडियम', 'लो' असा लिहिलेला असतो. या शब्दांमागचे एकक माहीत हवे. प्रोसेसरचा एक सेकंदाहून अधिक वेळ किंवा ३ एमबीहून अधिक वाचन-लेखन झाले की शेरा 'हाय'. म्हणजे एसएसडी असलेल्या यंत्रात 'हाय' हा शेरा नेहमीच चिंतेचा नसतो. एककाशिवायचा शेरा घेऊन धावू नये, हा भौतिकशास्त्राचा जुनाच धडा.

सुरुवातीनंतर दोन मिनिटे परफॉर्मन्सच्या पानाकडे पाहत राहावे. डिस्क १०० टक्क्यांवर आणि प्रोसेसर निवांत असेल तर अडथळा जलवाहिनीत आहे. रॅम ९० टक्क्यांवर असेल तर टाकी लहान आहे. तिन्ही निवांत असून यंत्र अडत असेल तर एखादी सेवा जाळ्याच्या म्हणजे नेटवर्कच्या उत्तराची वाट पाहत असण्याची शक्यता आहे. वाय-फाय बंद ठेवून तुलना करता येते. अधिक बारकाईने पाहायचे असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स' या नोंदवहीत १०० क्रमांकाची नोंद शोधावी. सुरू होण्याचा वेळ तेथे मिलिसेकंदांत लिहिलेला असतो.

यानंतर एका वेळी एकच बदल. यादीतील एक आज्ञावली सुरुवातीपुरती बंद करा; ती पुसायची नाही, म्हणजे हवी तेव्हा परत चालू करता येते. तीनदा रीस्टार्ट करून वेळ घ्या, सरासरी काढा, मग दुसरी. चलांचे नियंत्रण यापेक्षा स्वस्तात शिकवता येणार नाही.

खोड्या आणि दोष

नव्या यंत्राच्या तक्रारींत बऱ्याच तक्रारी दोषाच्या नसतातच. तोंडी पुस्तक त्यांनाही तेच उपाय सांगते. येथे आकडा नीट पाहिला तर कारण आपोआप पुढे येते.

डिस्क ५१२ जीबीची घेतली आणि यंत्र ४७६ दाखवते. दुकानदाराने फसवले का? नाही. विकणारा दहाच्या घातांकाने मोजतो: ५१२ अब्ज बाइट. विंडोज दोनच्या घातांकाने मोजते: २ चा ३० वा घात, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइटला एक जीबी. भागाकार करा, ४७६.८ येईल. कपात सातेक टक्क्यांची आणि ठरलेली आहे. यंत्र ४०० दाखवू लागले तर मात्र उरलेल्या जागेचा हिशेब मागावा.

बॅटरी ८० टक्क्यांवरच थांबते. अनेक कंपन्या ही मर्यादा मुद्दाम घालतात. लिथियम-आयन घटाचा पूर्ण भाराचा दाब सुमारे ४.२ व्होल्ट असतो, आणि त्या दाबावर, विशेषतः उष्णतेत, तो दीर्घकाळ ठेवला की लवकर जीर्ण होतो. लॅपटॉप दिवसभर चार्जरलाच जोडलेला असेल तर ही मर्यादा राहू द्यावी.

घड्याळ साडेपाच तास मागे पडते. ज्या यंत्रात विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत तेथे हे दिसते. यंत्रातील घड्याळाची वेळ लिनक्स जागतिक वेळ समजते, विंडोज स्थानिक. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखावृत्तावरची. १५ अंशांना एक तास धरला की बरोबर साडेपाच. चूक जर नेमकी साडेपाच तासांची असेल तर बॅटरी संपल्याची किंवा व्हायरसची शंका घेण्याचे कारणच नाही. चुकीचे परिमाण हीच तिची ओळख ठरते.

धातूच्या पाठीवरून बोट फिरवले की झिणझिण्या. चार्जर जोडलेला असतानाच हे होते. चार्जरमधील गोंगाट गाळण्यासाठी मुख्य विजेची बाजू आणि लॅपटॉपची बाजू यांच्यामध्ये लहान धारित्र असते. ते २.२ नॅनोफॅरडचे समजा. ५० हर्ट्झला त्याचा अवरोध सुमारे १४.५ लाख ओहम येतो. पूर्ण २३० व्होल्ट धरले तरी प्रवाह ०.१६ मिलिअँपिअर. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर बोटातून. बारावीच्या मुलांना हे गणित जरूर द्यावे. मात्र झिणझिण्यांऐवजी सणकन धक्का बसला तर गणित बाजूला ठेवून चार्जर काढावा आणि जाणत्या वायरमनकडून जोडणी तपासून घ्यावी.

आणि खास आपली मराठी तक्रार: जुन्या यंत्रावरच्या प्रश्नपत्रिका नव्यावर उघडल्या की रोमन अक्षरांचा भरडा दिसतो. "फॉन्ट टाका" हा सल्ला येथे मिळतो आणि अक्षरे दिसूही लागतात. पण त्या फाइलीत मुळात मराठी नसतेच. इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकार बसवलेले असतात. १९९१ च्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला स्वतःचे क्रमांक आहेत आणि विंडोज २००० पासून ते वापरण्याची सोय आहे. फॉन्ट टाकून डोळ्यांचे समाधान होते. फाइलीत 'गुरुत्वाकर्षण' हा शब्द मात्र शोधून सापडत नाही. कायमचा उपाय म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेणे आणि नंतर एकदा डोळ्यांखालून घालणे, कारण जोडाक्षरे बदलताना घसरतात.

शेरा

तोंडी पुस्तकाला शून्य गुण देता येणार नाहीत. अडलेल्या माणसाला मदत करण्याची त्याची वृत्ती चांगली आहे, आणि रीस्टार्ट, अद्ययावत करणे, सुरुवातीची यादी कमी करणे हे त्यातले उपाय खरे आहेत. पण ते निदानाआधी औषध देते, एकक सांगत नाही, आणि कालबाह्य नियम कधी टाकून द्यावा हे त्याला कळत नाही.

हे पुस्तक टिकले याची जबाबदारी आपल्या संगणक-शिक्षणावरही येते. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने लाखो मराठी माणसांची संगणकाची भीती घालवली. हे काम लहान नाही. पण आपल्याकडे एकूणच संगणक शिकणे म्हणजे कोणते बटण कोठे आहे हे शिकणे, अशी समजूत रुजली. पुढच्या आवृत्तीत बटण हलते आणि ज्ञान संपते. नाशिकच्याच यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून 'ज्ञानगंगा घरोघरी' नेण्याचे ब्रीद घेतले आहे. घरी एकट्याने शिकणाऱ्याच्या शेजारी प्रयोगशाळा-सहायक नसतो. त्याला बटणांच्या यादीपेक्षा 'अडले तर कारण कसे शोधावे' हा एक धडा अधिक काळ पुरेल, आणि तो प्रत्येक संगणक-पुस्तकात असायला हवा.

तोवर शाळेत एक करता येईल. नव्या लॅपटॉपसोबत शंभर पानी एक वही ठेवा. रोज प्रार्थनेआधी एका विद्यार्थ्याने हातघड्याळ घेऊन तीन आकडे लिहायचे: बटण दाबल्यापासून पासवर्डच्या चौकटीपर्यंतचे सेकंद, पासवर्डपासून ब्राउझर उघडेपर्यंतचे सेकंद, आणि अप टाइम. शेवटच्या रकान्यात त्या दिवशी काही बदल केला असल्यास तो. महिन्याअखेरीस आलेख काढा. पुढच्या वेळी कोणी "फॉरमॅट मारा" म्हणाले तर वाद घालण्याची गरज नाही. त्यांच्यापुढे वही ठेवा आणि आलेखातल्या कोणत्या दिवसापासून बिघाड दिसतो, ते त्यांनाच विचारा.